बाटलीवर 'नागा' लिहिताय, मग बाटलीत कोण आहे ते पण लिहा

मागच्या डिसेंबरात पुण्यातल्या एका वीकेंड बाजारातून मी हॉट सॉसची एक बाटली आणली. २०० मिलीची काचेची बाटली, ४२० रुपये, झाकणाला सुतळी गुंडाळलेली आणि लेबलवर 'नागा' हे नाव आणि पिसांचा मुकुट घातलेला एक माणूस. खाली लिहिलेलं की ही ईशान्येकडच्या जमातींनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली रेसिपी आहे, स्मॉल बॅच आहे, हाताने बनवलेली आहे. स्टॉलवरचा मुलगा गोडबोल्या होता, टूथपिकवर चीजचा तुकडा आणि त्यावर एक थेंब असं देत होता, मला जोरदार ठसका लागला, आजूबाजूचे हसले, आणि अशा वेळी लाज झाकायला माणूस जे करतो तेच मी केलं, फोन काढून स्कॅन केलं.

घरी येऊन बाटली उलटी करून वाचली. आपल्याकडे पॅकबंद खाण्यावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, जे जास्त ते आधी. तर पाणी. मग साखर. मग टोमॅटो पेस्ट, मग आयएनएस २६० म्हणजे ॲसिटिक ॲसिड, मग मीठ, मग कुठे 'मिरची पेस्ट', शेवटी दाटपणासाठी ४१५ म्हणजे झँथन गम आणि टिकण्यासाठी २११. कुठल्या जमातीच्या किती पिढ्या झँथन गम जपत आल्या ते काही मला कळलं नाही. मिरची कुठल्या गावची, कुणाकडून घेतली, काही नाही. 'ईशान्य' म्हणजे आठ राज्यं आहेत हो, त्यातलं कुठलं ते तरी लिहायचं. पत्ता मात्र व्यवस्थित होता, पुण्याजवळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटचा.

ह्यात बेकायदेशीर काही नाहीये आणि खरं सांगायचं तर चवही वाईट नव्हती, मोमोबरोबर चालून गेला सॉस, शेजवान चटणीचा शिकलेला भाऊ म्हणा. पण मला ती बाटली टोचत राहिली, आणि त्याचं कारण आमच्याच बिल्डिंगमधे चौथ्या मजल्यावर राहतं.

चौथ्या मजल्यावर नागालँडच्या दोन मुली भाड्याने राहतात, मावसबहिणी. थोरली नर्स आहे, झुन्हेबोटो जिल्ह्यातली, सुमी नागा. अडीचेक वर्षांपूर्वी एका रविवारी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला की चौथ्या मजल्यावर कुणाकडे उंदीर मरून पडलाय का. मग दुसरा मेसेज, मग तिसरा, मग नाक धरलेल्या इमोजींची रांग लागली. वास होता अखुनीचा. अखुनी म्हणजे सोयाबीन उकडून, पाणी काढून, केळीच्या पानात गुंडाळून चुलीच्या उबेला काही दिवस ठेवतात, ते आंबून चिकट झालं की ठेचून परत पानात बांधून चुलीवरच्या धुरात ठेवतात. त्याशिवाय त्यांची चटणी होत नाही, जशी आपली आमटी फोडणीशिवाय होत नाही. मासिक मीटिंगला विषय निघाला, सेक्रेटरी काकांनी 'इतरांचा विचार करावा' असं सौम्यपणे सांगितलं, थोरलीने हात जोडून सॉरी म्हटलं आणि विषय संपला. मी तिथेच बसलेले होते. माझी आजी देवगडची, आमच्या घरी सुके बोंबील भाजले की अर्ध्या वाडीला कळायचं, आणि तरीही मी एक शब्द बोलले नाही. खुर्च्या उचलून ठेवायला मदत केली आणि घरी आले.

हे फक्त आमच्या सोसायटीत होतं असं समजू नका. २००७ साली दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांसाठी एक सुरक्षा पुस्तिका काढली होती, त्यात चक्क लिहिलेलं की बांबूचे कोंब, अखुनी वगैरे वासाचे पदार्थ शेजारीपाजारी गोंधळ होणार नाही अशा बेताने करावेत. सुरक्षेची पुस्तिका बरं का, स्वयंपाकाची नाही. आणि मुंबईत कोळणींच्या पाटीला लिफ्टमधे बंदी घालणाऱ्या सोसायट्या आपल्याला काही नवीन नाहीत, म्हणजे हा वासाचा न्याय आपण आपल्याच माणसांनाही लावतो.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या स्वयंपाकघराचा वास आपल्याला जिन्यात चालत नाही त्याचं नाव बाटलीवर लावून आपण विकत असू, तर त्या बाटलीत त्या लोकांचा हात आणि हिस्सा असायला हवा, आणि तो किती आहे ते लेबलवर लिहिण्याची सक्ती हवी. नसेल हिस्सा तर सॉस खुशाल विका, फक्त नाव आणि मुकुट काढून टाका. 'तिखट सॉस' म्हणा ना, कोण अडवतंय.

आता ही नागा मिरची. नागालँडमधे तिला राजा मिरचा म्हणतात, मणिपूरमधे उमोरोक, आसाममधे भोट जोलोकिया किंवा बिह जोलोकिया, बिह म्हणजे विष. भोट हा शब्द भूतानकडून, भोटिया लोकांवरून आला असावा असं बरेच जण मानतात, पण आपल्या कानांनी त्याचं भूत केलं आणि इंग्रजीने भुताचं घोस्ट केलं, आणि आता जगभर सॉसच्या बाटल्यांवर ज्या कवट्या आणि पांढरी चादर पांघरलेली भुतं दिसतात ती सगळी त्या एका ऐकण्यातल्या गडबडीची पोरं. २००७ मधे गिनीज बुकने ती जगातली सगळ्यात तिखट मिरची म्हणून नोंदवली, मोजमाप अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटीत झालेलं, १०,०१,३०४ स्कोव्हिल, म्हणजे तिखटपणा मोजायचं एकक. मेक्सिकोची हालापेनो मिरची पाच हजारांच्या आसपास असते, म्हणजे तुम्ही हिशोब करा. ह्या आकड्याने काय केलं तर एका भाजीची स्पर्धा केली. त्याच्या आधीच इंग्लंडमधल्या डोरसेट परगण्यातल्या एका जोडप्याने बांगलादेशी दुकानात मिळालेल्या नागा मोरिच ह्या मिरचीपासून निवड करत करत स्वतःचं वाण काढलं आणि त्याचं नाव ठेवलं 'डोरसेट नागा'. २०१३ मधे कॅरोलिना रीपर ही आणखी तिखट मिरची आली, तिच्याही आईबापांत एक नागा आहे. २०२३ ला पेपर एक्सने तिला मागे टाकलं. यूट्यूबवर लोक ही सॉस खाऊन रडतात आणि आपण ते बघत हसतो, हा एक अख्खा धंदा आहे, अब्जावधींचा, आणि त्यात नागा हा शब्द 'खूप खूप तिखट' ह्या अर्थाचं विशेषण होऊन बसलाय. माणसांच्या नावाचं विशेषण झालं की माणूस गेलाच म्हणून समजा. मेक्सिकोतल्या टबॅस्को राज्याचं काय झालं बघा, १८६८ पासून लुइझियानातली एक कंपनी त्या नावाचा सॉस विकतेय, जगातल्या बहुतेक लोकांना टबॅस्को म्हटलं की एक छोटी लाल बाटली आठवते, तिथे माणसं राहतात हे कुणाच्या गावीही नसतं.

नागालँडला काय मिळालं? २००८ मधे 'नागा मिरचा'ला जीआय, म्हणजे ते नाव त्याच प्रदेशातल्या मालाला लावता येईल अशी सरकारी नोंदणी, मिळालं, राज्य सरकारच्या वतीने. आणि ताज्या राजा मिरचीची पहिली खेप नागालँडहून लंडनला गेली ती जुलै २०२१ मधे. पेरेन जिल्ह्यातल्या तेनिंग भागातली मिरची, गुवाहाटीत पॅक होऊन विमानात बसली, बातम्या आल्या, फोटो आले. चांगलंच झालं. पण जीआय आणि ही पहिली खेप ह्यांच्यात १३ वर्षं गेली, आणि तेवढ्या काळात घोस्ट पेपरच्या नावाने किती बाटल्या खपल्या असतील.

इथे एक शहाणा मुद्दा नेहमी येतो आणि तो टाळून चालणार नाही. मिरची मुळात भारतातली आहेच कुठे? ती अमेरिका खंडातली, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या बाजूने आत आली, मग नागा लोकांची ती कशी काय? मुद्दा खराच आहे. चिली हा शब्दही मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतला. राजा मिरचा ज्या प्रजातीतली मानतात त्या प्रजातीला तर १७७६ साली एका युरोपियन वनस्पतीशास्त्रज्ञाने चिनेन्स असं नाव देऊन टाकलं, चीनमधून आली समजून, आणि तिचं माहेर ॲमेझॉनच्या खोऱ्याकडे. कोलंबसाने तिला मिरी समजून पेपर म्हटलं म्हणून आपण त्याला हसतो, पण आपण तरी काय केलं, मिरीवरूनच मिरची म्हटलं ना! म्हणजे ह्या फळाच्या बाबतीत नावाची चोरी आणि नावाची चूक दोन्ही पहिल्यापासून चालू आहेत, आणि ज्या मूळच्या अमेरिकन लोकांनी हजारो वर्षं निवडून निवडून रानटी बोराएवढ्या फळाची मिरची केली त्यांना ह्या सगळ्यात कुणी विचारलंही नाही.

पण म्हणूनच मी म्हणतेय की हक्क रोपावर सांगू नका, कामावर सांगा. मिरची आली कुठूनही असो, ओल्या डोंगरउतारावरच्या झूम म्हणजे फिरत्या शेतीच्या तुकड्यांत, बांबूच्या जाळ्यांजवळ, दर वर्षी सगळ्यात जहाल आणि सगळ्यात सुगंधी फळाचं बी राखून ठेवणारे हात कुणाचे होते हे शोधायला इतिहासकार लागत नाही. बहुतेक बायकांचे होते. दिमापूर-कोहिमाच्या बाजारात आजही मिरच्यांचे छोटे छोटे ढीग लावून बसलेल्या त्याच असतात. आणि ह्या मिरचीची खरी गंमत तिखटात नाहीच, वासात आहे, कापली की आंब्याच्या मोहोरासारखा, थोडा फुलांचा, थोडा लिंबाच्या सालीचा असा वास घरभर होतो आणि मग दोन मिनिटांनी कानातून धूर. गिनीजला वास मोजता आला नाही म्हणून आकडा मोजला.

मागच्या वर्षी दिवाळीत मी फराळाचं ताट घेऊन चौथ्या मजल्यावर गेले. उशीरच झालेला, पण गेले. थोरलीने चहा केला आणि मग बोलता बोलता म्हणाली, दीदी, चटनी खाओगे? गॅसवर जाळी ठेवून तिने दोन टोमॅटो आणि एकच मिरची भाजली, एकच बरं का, अंगठ्याएवढी सुरकुतलेली लाल. भाजतानाच तिने खिडकी उघडली आणि दाराखाली टॉवेल सरकवला. ती टॉवेलची सवय बघून मला काय वाटलं ते लिहीत नाही. मग फ्रीजमधून तीन पिशव्यांत बांधलेली अखुनीची पुडी काढली, तिच्यातला सुपारीएवढा गोळा तव्यावर परतला, आलं, लसूण, मीठ, आणि सगळं एका लाकडी खलात कुटलं. मिक्सर होता घरात, वापरला नाही, म्हणाली मिक्सरमधे पाणी होतं त्याचं. (हे वाक्य माझ्या आजीचं आहे, ठेच्याबद्दलचं, शब्द न् शब्द.) भाताबरोबर नखाएवढी चटणी घेतली. आधी धुरकट, मग काहीतरी खोल, जुन्या चीजसारखं, मग तो मोहोराचा वास आणि मग मी बेसिनकडे पळाले.

आता मुद्द्याचं. मी तिला विचारलं की हीच बाटलीत भरून विकता नाही का येणार? तर ती हसली आणि म्हणाली की नाही, ही सकाळची चटणी संध्याकाळी पण तशी राहत नाही. ह्याच्यामागे साधं शास्त्र आहे. बाटलीबंद सॉस फ्रीजबाहेर सुरक्षित राहायचा तर तो आंबट लागतो, पीएच (आंबटपणाचं माप, जितकं कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली पाहिजेच, शहाणे लोक चारच्याही खाली ठेवतात, नाहीतर जीवघेणी विषबाधा करणारे बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात. आणि अखुनीचं आंबणं हे दह्यासारखं आंबट होणारं नाही, ते जपानी लोकांच्या आंबवलेल्या सोयाबीनसारखं, नाटोसारखं, त्यात पीएच उलटा वर चढतो. म्हणजे खरी चटणी जशीच्या तशी काचेत कोंबली तर ती धोक्याची, आणि सुरक्षित करायला भरपूर व्हिनेगर ओतलं तर ती चटणी राहत नाही, मग व्हिनेगर मारायला साखर, साखर पातळ करायला पाणी, आणि झाली माझी ४२० रुपयांची बाटली. शहरातल्या ब्रँडवाल्यांनी फसवायचं ठरवून केलं असं मला वाटत नाही, त्यांनी फक्त सोपा रस्ता घेतला.

पण अवघड रस्ता त्याच लोकांकडे होता आणि कुणी विचारला नाही, हे माझं खरं दुखणं आहे. नागालँडमधे बांबूचे कोंब किसून-ठेचून आंबवतात, त्याला बास्तेंगा म्हणतात, बास म्हणजे बांबू आणि तेंगा म्हणजे आंबट. आपल्याकडे गडचिरोलीकडे वास्ते म्हणतात ना, तेच कोंब. कच्च्यात सायनाइड तयार करणारा घटक असतो म्हणून आंबवून किंवा उकळूनच खायचं. त्या आंबवलेल्या कोंबांचं जे पाणी सुटतं ते चांगलं सणसणीत आंबट, घरोघरी व्हिनेगरसारखं वापरतात, बाटल्यांत भरून बाजारात विकायला असतं. राजा मिरचा आणि बास्तेंगा हे लोणचं तिकडे सगळीकडे मिळतं आणि महिनोन्‌महिने टिकतं. म्हणजे टिकाऊ, आंबट, तिखट असा सॉस त्या स्वयंपाकघरात आधीच होता, कुठलाही २११ न घालता. थोरलीची आई तेच करते, गावातल्या दोघीतिघी मिळून. आता त्यांच्याकडे डिजिटल पीएच मीटर आहे, धाकटीने ऑनलाइन मागवून पाठवला, आणि आई वहीत प्रत्येक घाणीचा आकडा लिहिते. घाणी हा आपला शब्द झाला, तेलवाल्यांचा, बॅचला दुसरं काय म्हणू. एकदा आकडा ४.३ आला तर थोरलीने फोनवर सगळं परत आंबवायला लावलं, कारण ४.६ च्या खाली असलं तरी तिला ते पटेना, नर्स आहे ती. हे मुद्दाम सांगितलं, कारण 'परंपरा' म्हटलं की लोकांना चुलीपुढे बसलेली पिसांवाली माणसंच दिसायला लागतात, वहीत पीएच लिहिणारी बाई दिसत नाही.

स्मॉल बॅच ह्या शब्दाबद्दल पण दोन वाक्यं. शहरात स्मॉल बॅच ही फॅशन आहे, माझ्या त्या बाटलीवर बॅच नंबर होता पण तो लहान बॅचचा होता की टँकरचा कोण सांगणार, कायद्यात त्या शब्दाला काही व्याख्या माझ्या तरी बघण्यात नाही. गावात बॅच लहान असते कारण मिरची तेवढीच येते. झूमचा तुकडा केवढा, पाऊस कसा पडला, रस्ता दरडीने बंद झाला की चालू आहे, त्या वर्षी रोग पडला का, ह्यावर सगळं ठरतं, आणि पाऊस कमीजास्त झाला की तिखटही कमीजास्त होतं. दोन बाटल्या सारख्या लागल्या तर उलट मला शंका येईल. जे म्हणतात की ह्या लोकांनी स्केल करायला शिकलं पाहिजे, त्यांना माझा साधा प्रश्न, कशासाठी? डोंगरावरचं जंगल तोडून मिरचीची एकपीक शेती करायची, मग भाव पडले की सरकारकडे हमीभाव मागायचा, हे आपण ऊस-कांद्यात करून बघितलंय, झालं की तेवढं.

पण व्यापाराच्या विरोधात मी नाही. माझा एक मित्र असलेच मसाले विकतो, तो म्हणाला की अगं, आमच्यासारख्या शहरी ब्रँडमुळेच शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळतं, ताजी मिरची दोन दिवसात मऊ पडते, आम्ही नाही घेतली तर ती दिमापूरच्या दलालाकडे मिळेल त्या भावाने जाणार. ह्यात तथ्य आहे, नाही कशाला म्हणू. पण मिरची विकणारा आणि बाटली विकणारा ह्यांच्या पैशात जे अंतर आहे तिथेच तर सगळी मेख आहे, आणि त्या अंतराचं भाडं 'जमातींची रेसिपी' ह्या दोन शब्दांवर वसूल होतं. रेसिपीचे पैसे घेताय तर रेसिपीवाल्यांना द्या. मित्र म्हणाला, द्यायचे कुणाला, रेसिपीला सातबारा थोडाच असतो! वाक्य टाळीचं होतं आणि मी हसले पण.

पण उत्तर आहे. जीआय हे त्यासाठीच होतं ना? तर नाही, निदान जसं चाललंय तसं नाही. आपल्या कोल्हापुरीचं ताजं उदाहरण घ्या. २०१९ चं जीआय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे, सगळं कागदोपत्री पक्कं. जून २०२५ मधे प्राडा ह्या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या रॅम्पवर तशाच चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नाव नाही, मग गदारोळ झाल्यावर प्रेरणा कुठून घेतली ते कबूल केलं. मुंबई हायकोर्टात जनहित याचिका गेली तर कोर्टाने जुलैमधे ती फेटाळली, का तर जीआयचा नोंदणीकृत मालक याचिकेत नव्हता. मालक कोण? दोन सरकारी महामंडळं, आपलं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकार. नंतर डिसेंबरमधे प्राडाने त्यांच्याशीच करार केला. म्हणजे आरडाओरडा झाला, मालक जागा होता, तेव्हा काहीतरी झालं. कोल्हापुरीसाठी ओरडायला महाराष्ट्रातली बारा-तेरा कोटी माणसं होती. सगळ्या नागालँडची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत वीस लाखांच्याही आत होती, त्यात सोळा-सतरा जमाती, प्रत्येकीची चटणी वेगळी, त्यांनी किती ओरडायचं? शिवाय जीआय देशापुरतं असतं, बाहेर प्रत्येक ठिकाणी वेगळी नोंदणी, आणि 'नागा मिरचा' नाव राखलं तरी घोस्ट पेपर म्हणणाऱ्याचं कुणी काय करणार.

म्हणून मला वाटतं की नाव राखण्यापेक्षा हिस्सा दाखवणं जास्त कामाचं आहे. लेबलवर एखाद्या समाजाचं, जमातीचं नाव, चित्र किंवा 'पारंपरिक आदिवासी' असा दावा असेल तर गाव कुठलं, बनवलं कुणी आणि त्या गावाला ह्या बाटलीमागे किती रुपये गेले, हे घटकांच्याच टाइपात छापायचं. साखर किती ते छापतो ना, मग हे का नाही? आणि ते खरं आहे की खोटं हे तपासायला दिल्लीहून इन्स्पेक्टर पाठवायची गरज नाही. घटनेच्या ३७१ अ कलमाने नागालँडमधल्या जमिनीवर आणि रूढी-परंपरांवर संसदेचा कायदा तिथल्या विधानसभेच्या ठरावाशिवाय लागू होत नाही, व्हिलेज कौन्सिल ही जिवंत गोष्ट आहे, २००२ च्या कायद्याने तर शाळा आणि दवाखाने चालवायची जबाबदारी पण गावांच्या समित्यांकडे दिलेली. जे गाव मास्तरची हजेरी तपासू शकतं ते मिरचीच्या बाटलीवर आपला शिक्का पण मारू शकतं. शिक्का नाही तर नाव नाही. गावाला वाटलं तर पुण्याच्या कंपनीला पण देईल शिक्का, पैसे घेऊन, त्यांचा प्रश्न. माझी एवढीच इच्छा की विचारायला लागावं.

ह्यात कटकटी आहेत. गावात पण राजकारण असतं, शिक्का बायकांच्या हातात राहील की कौन्सिलवरच्या पुरुषांच्या, हा प्रश्न मी थोरलीला विचारला तर ती म्हणाली, पुरुषांच्याच, और क्या. नागालँडमधे बायकांना नगरपालिकेत ३३ टक्के आरक्षण देऊन निवडणूक व्हायला २०२४ उजाडलं, तेव्हा आपण फार स्वप्नं बघायला नकोत. म्हणून शिक्का हा लोणचं बनवणाऱ्या बायकांच्या गटाच्या नावाने असावा, कौन्सिलने फक्त साक्षी म्हणून सही करावी असं मला वाटतं, पण हे ठरवणार त्या, मी नाही.

कायद्याची दुसरी बाजू पण बघा. २०११ च्या फूड सेफ्टीच्या मूळ नियमांत छोट्या उत्पादकाला, वर्षाची उलाढाल १२ लाखांपर्यंत, मोठं लायसन्स नाही, नुसतं रजिस्ट्रेशन आणि वर्षाला १०० रुपये फी, एवढं सोपं ठेवलेलं होतं. कागदावर उत्तम. थोरलीला पुण्यात बसून आईकडचं लोणचं छोट्या बाटल्यांत भरून विकायचं होतं, तर पत्त्याचा पुरावा आणि घरमालकाचं ना हरकत पत्र इथेच गाडी अडली. घरमालक म्हणाला सोसायटीला विचारतो, आणि सोसायटीला वास लक्षात होताच. म्हणजे २०० मिलीची ती मुकुटवाली बाटली इंडस्ट्रियल इस्टेटमधून कायदेशीर बाहेर पडते, आणि जिच्या आईच्या हातची चव आहे तिला स्वतःच्या ओट्यावर झाकण लावायची परवानगी नाही.

मग ह्या जानेवारीच्या मीटिंगला मी बोलले. फार शूरपणे वगैरे नाही, आवाज कापत होता आणि मधेच मी बोंबिलांवर घसरले, काका म्हणाले विषयाला धरून बोला. ना हरकत पत्राचा विषय पुढच्या मीटिंगवर ढकललाय. दोन जणींनी नंतर लिफ्टमधे मला विचारलं की ते लोणचं मिळेल का, बाटली केवढ्याला.

मी वर जाऊन विचारलं. थोरली म्हणाली की ह्या खेपेचं संपलं, आईकडे ह्या वर्षी मिरची कमी आली, उशिराच्या पावसाने झाडं गेली, आता पुढच्या सप्टेंबरशिवाय नाही. मी म्हटलं दुसऱ्या गावची मिरची घेऊन करता येईल की. ती म्हणाली, येईल ना दीदी, पण मग ते आईचं नाही होणार, त्या गावचं होईल.